नेम चुकला तो मुलीचा की रायफलचा?

गटाच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघतो. आपल्या काही मुली शाळेत नाहीतर तालुक्याच्या क्लबात एअर रायफल शिकायला जातात. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये आपल्या अंजली भागवत १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मुलींना हा खेळ आपला वाटू लागला. पण पोरीचे गुण कमी आले की घरातून लगेच आवाज येतो, "तिला नाही जमायचं, बंद करा." असं म्हणण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी, रायफल झिरो केलेली आहे का? झिरो करणं म्हणजे जिथे नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी साइट जुळवून घेणं.

या खेळात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. साइट किंचित सरकलेली असली तरी चांगला नेमही वाया जातो. दोष हाताचा की रायफलचा, हे कळावं म्हणून रायफल टेबलावर टेकवून तपासतात. हे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, रेंजवरच करायचं. आपण मात्र त्यातलं काय बरोबर आणि काय चूक, हे समजून घेऊ.

टेबल डगमगणारं नको. त्यावर जाड सतरंजी अंथरायची, म्हणजे रायफलला ओरखडे पडत नाहीत. खाली टेका म्हणून वाळूच्या दोन पिशव्या लागतात. शिवणकाम करणाऱ्या गटाला हे अगदी सोपं आहे. जुन्या जीनचं कापड घ्या, दुहेरी शिवण घाला, आत चाळलेली कोरडी वाळू भरा. ओल्या वाळूने लोखंड गंजतं, आणि तांदूळ भरले तर उंदीर येतात! पिशवी पाऊण भरा, म्हणजे रायफल तिच्यात नीट बसते. टेका कडक असला तर छर्रा सुटताना रायफल उसळते आणि नेम हलतो.

एक पिशवी पुढच्या बाजूला, हात धरतो त्या लाकडी किंवा धातूच्या भागाखाली ठेवायची. दुसरी, लहान पिशवी मागे दस्त्याखाली. नळी पिशवीवर टेकवायची नाही, कारण नळीवर दाब आला की छर्रा भलतीकडे लागतो. नळीचं तोंड पिशवीच्या पुढेच राहू द्या, नाहीतर वाळू उडून आत जाते.

नळीखाली हवेची टाकी असते, तिच्यावरही भार नको. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो, या टाकीत भरल्यावर सुमारे दोनशे बार. म्हणून ती आपटू नये, उन्हात ठेवू नये. टाकीवर कोरलेली मुदत संपली असेल तर ती भरायचीच नाही.

आता साइट जुळवणं. एकाच ठिकाणी नेम धरून पाच छर्रे मारायचे. एका छर्‍यावरून साइट फिरवू नका. पाचही जवळजवळ लागले पण ठिपक्यापासून दूर, तर हात चांगला आहे, साइट जुळवायची. छर्रे उजवीकडे लागत असतील तर मागची साइट डावीकडे सरकायला हवी, खाली लागत असतील तर वर. बटणावरच्या खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, म्हणून दोन-तीन टिकटिक फिरवून पुन्हा पाच मारून बघायचे. छर्रे विखुरले तर आधी स्क्रू ढिले आहेत का, टेका हलतो का ते पाहा. हाताचा दोष त्यानंतर.

टेबलावर जुळवलेली साइट उभं राहून मारताना थोडी बदलते, कारण गाल आणि खांदा वेगळे टेकतात. म्हणून शेवटची जुळवणी उभं राहूनच होते. किती टिकटिक फिरवली ते वहीत लिहायचं, जशी आपण हप्त्याची नोंद ठेवतो. एकच रायफल तीन मुली वापरत असतील तर प्रत्येकीचं पान वेगळं.

काही नियम कधीही मोडायचे नाहीत. नळीचं तोंड सतत टार्गेटकडे. पुढे टार्गेट बदलायला कोणी जाणार असेल तर रायफल रिकामी, बोल्ट उघडा, नळीत सुरक्षा दोरी, आणि कोणीही रायफलला हात लावायचा नाही. भिंतीला टेकवून उभी ठेवायची नाही, पडली की साइट वाकते आणि मोठा खर्च बसतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

मैत्रिणींनो, पोरीचे गुण घसरले तर तिला रागावण्याआधी प्रशिक्षकांना एवढंच विचारा, "टेबलावर टेकवून तपासली का रायफल?" या एका प्रश्नाने कुणाचा तरी खेळ वाचेल. आपल्या गटात पिशव्या शिवायला कोण पुढे येतंय, ते येत्या बैठकीत ठरवूया.