यंत्र हजर, नोंद नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नित्याचे साहाय्य थांबविले. आमच्या पेडणे तालुक्यातील शाळेस पालकांनी दिलेले तीन जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेनात. भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर डेबियन ही लिनक्सची मुक्त आवृत्ती घालून पाहावी, असे आम्ही ठरविले. प्रणाली सुरळीत बसली. पडदा उजळला, मराठी अक्षरेही नीट उमटली. परंतु तिन्हींवर वायफायचे नावच दिसेना. म्हापशाच्या एका दुकानदाराने, कार्डे निकामी झाली आहेत, नवी घालावीत, असा निवाडा दिला. तेवढा पैसा आमच्यापाशी नव्हता.

अशा वेळी आमचा एक माजी विद्यार्थी डिचोलीहून आला. तो म्हणाला, "सर, आधी यंत्रालाच विचारूया, तुझ्या पोटात काय काय आहे म्हणून." टर्मिनल उघडून त्याने 'एलएसपीसीआय' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टंकली. (यूएसबीने जोडलेल्या वस्तूंसाठी 'एलएसयूएसबी' अशी दुसरी आज्ञा आहे.) आणि काय आश्चर्य! दोन लॅपटॉपांच्या यादीत वायफायचे कार्ड उत्पादकाच्या नावानिशी हजर होते.

मग ते चालत का नव्हते? बदलीवर आलेला शिक्षक शाळेत येऊन बसला आहे, पण त्याचा आदेश पोहोचला नाही म्हणून हजेरीपटावर नाव नाही, असा हा प्रकार. कार्डाला चालू होताना फर्मवेअर नावाची एक छोटी आज्ञावली लागते. ती न मिळाल्यास कार्ड मुके बसते. प्रशासकाच्या अधिकाराने 'डीमेसेज' ही आज्ञा दिली, की यंत्राची रोजनिशीच पुढे येते. पहिल्या लॅपटॉपच्या रोजनिशीत 'फर्मवेअर मिळाले नाही' अशी तक्रार स्पष्ट लिहिलेली होती.

या दुखण्याला इतिहास आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी एमआयटीच्या प्रयोगशाळेतील एका प्रिंटरची हकिकत सांगितली जाते. त्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही आणि हवा तो बदल करता आला नाही. म्हणजे मुक्त प्रणालीची चळवळच मुळी एका हट्टी यंत्रापायी उभी राहिली! डेबियनने तर बंदिस्त फर्मवेअर कित्येक वर्षे आपल्या अधिकृत प्रतीबाहेर ठेवले. २०२२ साली सभासदांनी मतदान करून ते आत घेण्याचे ठरविले आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते प्रतीबरोबर येऊ लागले. तथापि काही जुन्या चिपांच्या उत्पादकांनी ते वाटण्याची अनुज्ञा दिलेली नाही. ते इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावे लागते. आमचे कार्ड नेमके त्यांपैकीच निघाले.

म्हणजे वायफायसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय! नवशिक्याचा धीर सुटतो तो येथेच. विद्यार्थ्याने खिशातला मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि मोबाईलमधील 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. लिनक्सने तो विनातक्रार ओळखला. मग पॅकेजांच्या यादीत 'कॉन्ट्रिब' विभाग चालू करून त्या चिपचे फर्मवेअर उतरविणारे पॅकेज घातले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. वायफाय आले! मुलांनी टाळ्या पिटल्या, आम्हीही पिटल्या.

दुसऱ्याची कथा सांगावयास संकोच वाटतो. त्याचे फर्मवेअर जागेवर होते. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा देताच कळले, की वायफाय कळीनेच बंद केलेले आहे. लॅपटॉपच्या कडेला एक बारीकशी सरकपट्टी होती; ती सरकविली, झाले. या पट्टीपायी आम्ही म्हापशाची फेरी केली होती.

तिसऱ्याचे कार्ड मात्र यादीत नव्हतेच. यंत्र बंद करून, बॅटरी काढून, ते उपसून पुन्हा बसविले; तरी नाही. तेवढ्यापुरता दुकानदार खरा ठरला. तो लॅपटॉप आता दाराजवळच्या टेबलावर, राऊटरला केबलने जोडून ठेवला आहे, आणि नववीची मुले प्रथम त्याच्यावरच झडप घालतात. कारण त्याचा वेग इतर दोहोंपेक्षा अधिक आहे.