इद्दतीत की इद्दतीपुरते?

तलाकनंतर दोन्ही घरांच्या बैठकीला आम्ही बसलो की कुणीतरी बुजुर्ग हमखास म्हणतात, “इद्दत संपली, पोटगी संपली. संसदेनेच कायदा केलाय.”

केला, हे खरे. शाहबानो निकाल १९८५चा, कायदा १९८६चा. पण संसदेच्या कायद्यालाही संविधानातील समतेच्या आणि जगण्याच्या हक्कांची कसोटी लागते. शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी त्याला आव्हान दिले. २००१मध्ये पाच न्यायाधीशांनी कायदा रद्द केला नाही, फक्त त्यातले शब्द नीट वाचले: रक्कम इद्दतीच्या मुदतीत द्यायची, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याची करायची. (आमच्या बैठकीत नेमके हेच कुणी वाचत नाही.) कलम १२५खालीही ती पोटगी मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये सांगितले.