नऊ की दहा?

  पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय याच्या आकड्यावरून काही वाचकांनी मला चांगलंच धारेवर धरलं आहे. त्यानं शत्रूची दहा विमानं पाडली, असं मी म्हटलं होतं, पण त्याच्या ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ या शौर्यपदकाच्या मानपत्रात तर नऊच आहेत. मग दहावं मागाहून कुणी देशाभिमानापोटी त्याच्या नावावर चढवलं का? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर तारखांमध्येच मिळतं.

जुलै १९१८. सहा तारखेला एक, आठला चार तासांच्या आत तीन, तेराला दोन, पंधराला दोन, अठराला एक आणि एकोणीसला शेवटचं, कान्यिकूरवर पाडलेलं जर्मन हॅनोव्हर विमान. मानपत्र सांगतं, तेरा दिवसांत नऊ. सहा ते अठरा, दोन्ही टोकं धरून मोजा: दिवस बरोबर तेरा आणि विमानंही बरोबर नऊ. म्हणजे शिफारस लिहिली गेली तेव्हा दहावं पडलेलं नसावं, किंवा त्याचा अहवाल वर पोचलेला नसावा. कुणी म्हणेल, एकोणीसातून सहा वजा केले तरी तेराच उरतात. दहांपैकी दोन विमानं सहकाऱ्यांबरोबर मिळून पाडलेली, त्यातलं एखादं वगळलं असेल. पण वगळायचंच तर दोन्ही वगळतील, आणि मग आठ उरतील. शिवाय आणखी एक पुरावा आहे. हा सन्मान सप्टेंबरमध्ये जाहीर झाला आणि रॉय २२ जुलैलाच कार्व्हँच्या आकाशात पडला होता, म्हणून आपण सर्रास ‘मरणोत्तर’ म्हणतो. परंतु त्या काळच्या ब्रिटिश नियमांनुसार व्हिक्टोरिया क्रॉस आणि खलित्यातला नामोल्लेख सोडला, तर मृताला सन्मान देता येत नसे. तेव्हा शिफारस तो जिवंत असतानाच गेली असणार. या नियमावरून अठरा हीच तारीख सिद्ध होत नाही, हे कबूल. पण अठरा ते बावीस या चार दिवसांत हिशेब इतका चपखल बसतो की दुसरं स्पष्टीकरण शोधायची मला गरज वाटत नाही. ‘तेरा दिवसांत दहा’ हे जे जागोजागी वाचायला मिळतं, ते मानपत्रातले दिवस आणि नंतरच्या यादीतली विमानं यांची खिचडी आहे.

यापेक्षा अवघड आक्षेप वेगळाच आहे: मुळात ब्रिटिशांच्या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? त्यांच्या हिशेबात ‘नष्ट’ झालेल्या विमानांबरोबर ‘ताबा सुटून खाली गेलेली’ही धरली जात, आणि मुद्दाम गिरक्या खात निसटणं हा तर वैमानिकांचा नेहमीचा डाव. काही विमानं खाली जाऊन सावरली असतील, यात शंका नाही. पण अशी विमानं हिशेबात धरण्याला कारण होतं. ब्रिटिश गस्ती जर्मन हद्दीत घुसून लढत. पाडलेलं विमान पडे ते शत्रूच्या मुलखात, अवशेष मोजायला जाणार कोण? जर्मनांना आपल्याच जमिनीवरचे सांगाडे तपासता येत. तेव्हा रॉयच्या दहाची तुलना जर्मन वैमानिकाच्या दहाशी करू नये. ती करावी त्याच्या ४० स्क्वाड्रनमधल्या बरोबरीच्या पोरांशी, कारण त्यांना माप तेच होतं.

आणि आकड्याच्या वादात एक गोष्ट हमखास निसटते. या दहांपैकी सहा दुआसनी होती, पाच हॅनोव्हर आणि एक डीएफडब्ल्यू. लढाऊ फॉकर किंवा फाल्त्स पाडणं तेवढं शौर्याचं आणि दुआसनी म्हणजे सोपी शिकार, असा एक समज आहे. हॅनोव्हरच्या बाबतीत तरी तो चूक आहे. त्याचं शेपूट दुहेरी पण अरुंद पंखांचं होतं, ते मागच्या बंदूकधाऱ्याच्या नेमाआड फारसं येत नसे. मागून येणाऱ्याला तो थेट टिपू शके. आकारानं आटोपशीर असल्यामुळे लांबून हॅनोव्हर एकआसनी भासे आणि पाठलाग करणारा फसे. शिवाय तोफांना नेम सांगणं, खंदकांची छायाचित्रं घेणं, पायदळावर कमी उंचीवरून गोळ्या झाडणं, ही सगळी कामं मुख्यतः दुआसनी करत. चिखलात बसलेल्या शिपायाच्या जिवाला घोर लागे तो डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या असल्या विमानाचा. उंचावर दोन लढाऊ विमानं एकमेकांशी झुंजत असली तर त्याचं काही बिघडत नसे.