पिकाचे नुकसान कोणी केले? वन्य खूरधारी प्राण्यांच्या केसांची व दातांची साक्ष

बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी त्याचे दात पाहतो. आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे हे समजल्यावरच किमतीचे बोलणे सुरू होते. हीच नजर रानातील खुरांच्या प्राण्यांकडे वळवली, तर रात्रीतून पिकाची नासधूस कोणी केली याचा बराच उलगडा होतो. प्राणी ओळखण्यात चूक झाली तर कुंपणाचा खर्च वाया जातो. रानडुक्कर तारेखालून घुसते, तर रोही वरून उडी मारून आत येते. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यातही नुकसान कोणत्या प्राण्याने केले हा प्रश्न येतोच.

दात काय सांगतात?

काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर व रोही हे आपल्या गाई-शेळ्यांप्रमाणे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या वरच्या जबड्यात पुढच्या बाजूस कापणारे दात नसतात. तेथे फक्त कडक हिरडी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. कोंब या दोहोंत धरून प्राणी हिसडा देतो, त्यामुळे उरलेल्या धाटाचे टोक फाटल्यासारखे, तंतू निघालेले दिसते.

सशाला वर-खाली धारदार दात असल्याने त्याने तोडलेले रोप विळ्याने तिरपे छाटल्यासारखे दिसते, तेही जमिनीपासून थोड्याच उंचीवर. साळिंदर बुंधा कुरतडते आणि त्यावर दातांच्या खाचा राहतात. हे दोन्ही प्राणी खूरधारी नाहीत, परंतु त्यांचा दोष पुष्कळदा हरणांच्या माथी जातो.

रानडुक्कर खूरधारी असले तरी रवंथ करीत नाही. त्याला एकूण ४४ दात असतात व पटाशीचे दात वर-खाली दोन्हीकडे असतात. त्याच्या दाढांवर आपल्या दाढांसारखे उंचवटे असतात, म्हणून कंद, दाणे, किडे असे सर्व काही ते खाते. उकरलेली जमीन, उपटलेला भुईमूग, आडवा पाडलेला मका आणि उसाचा चघळून टाकलेला चोथा या त्याच्या खुणा होत. उलट, रवंथ करणाऱ्यांच्या दाढांवर चंद्रकोरीसारख्या कडा असतात. त्या जात्यासारख्या गवत दळतात.

मेलेल्या प्राण्याचा जबडा मिळाल्यास शास्त्रज्ञ त्यावरून वय काढतात. दुधाचे दात किती पडले, दाढा किती झिजल्या हे पाहतात. दाताच्या मुळावर थर साचत जातात. झाडाच्या वर्तुळांप्रमाणे तेही मोजता येतात.

केस काय सांगतात?

काटेरी तारेला किंवा बांधावरच्या झाडाच्या सालीला अडकलेले केस नीट पाहावेत. रानडुकराचा केस जाड, ताठ, ब्रशाच्या दांड्यासारखा असून टोकाला फाटलेला असतो. चितळ-सांबराचा केस ठिसूळ असतो व दुमडला की मोडतो. मात्र केवळ रंगावरून निर्णय घेऊ नये, कारण शेळीचे केसही तसेच भासू शकतात.

खात्री सूक्ष्मदर्शकाखाली होते. केसाला बाहेर खवल्यांचा थर, मध्ये कॉर्टेक्स व आत मेड्युला हा गाभा असतो. हरणांच्या केसात हा गाभा जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतो व जाळीदार दिसतो. खवल्यांची नक्षी आणि गाभ्याची रचना प्राण्यागणिक वेगळी असते. केस सहजासहजी पचत नाही, म्हणून मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेतील केसांवरून त्याने काय खाल्ले हेही समजते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले भागातील बिबट्यांचा असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्या शेळ्यांवरच जगतो असा समज असताना, त्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा व सुमारे ११ टक्के शेळ्यांचा आढळला.

केस व दात यांत खाल्लेल्या चाऱ्याची रासायनिक नोंदही राहते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांतील जड कार्बनचे प्रमाण गहू, हरभरा, भात यांपेक्षा वेगळे असते. केस मुळाकडून वाढतो, म्हणून त्यात गेल्या काही महिन्यांची नोंद असते. दातावरचे एनॅमल एकदा तयार झाले की बदलत नाही, म्हणून त्यात लहानपणाची नोंद राहते. पण आपल्याकडील अनेक रानगवतेही ज्वारीच्याच गटातील आहेत. त्यामुळे ज्वारी खाल्ली की कुरणातले गवत, हे एवढ्यावरून ठरत नाही.

इनामगावचा दाखला

केस कुजतात, दात मात्र हजारो वर्षे टिकतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केले. ही वस्ती सुमारे इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची होती. तेथील हाडे व दात तपासल्यावर गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांबरोबर काळवीट व हरणेही आढळली. पाऊस कमी होत गेला तशी शेती मागे पडून शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवरील भर वाढला, असे डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले. शेत आणि रान यांचा शेजार आपल्या भागात इतका जुना आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) नुकसान दिसताच शेत तुडवण्यापूर्वी खाल्लेली टोके, खुरांचे ठसे, विष्ठा व केस पाहावेत.
२) शेजारी काडेपेटी किंवा नाणे ठेवून फोटो काढावेत, म्हणजे आकार समजतो.
३) खाल्लेल्या भागाची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी.
४) केस, दात, शिंगे घरी नेऊ नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते अडचणीचे ठरू शकते. ते जागेवरच वनरक्षकास दाखवावे.
५) वनविभागास विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा व त्यात या खुणांची नोंद करण्यास सांगावे.
६) कुंपणात थेट वीजप्रवाह कधीही सोडू नये. त्यात जनावरांबरोबर माणसेही दगावतात.

बंधूंनो, बैल पारखणारी नजर आपल्याकडे आहेच. तीच नजर बांधावर वापरली तर उपाय योग्य प्राण्यावर होईल आणि निर्दोष प्राण्यावर दोष येणार नाही.