कॅमेरा बदलावा कीं भिंग?

अंधुक प्रकाशांत नातीच्या नृत्याचीं छायाचित्रें पुसट आलीं आणि आमच्या कुर्ल्याच्या घरांत नव्या कॅमेऱ्याची गोष्ट निघाली. खर्च निवृत्तिवेतनांतून; म्हणून दोष कशाचा, हें मीं आधीं तपासलें. सोबत मिळणाऱ्या भिंगाचें छिद्र ५५ मिलिमीटरला बहुधा एफ/५.६ असतें, एफ/१.८ च्या भिंगांतून नऊपटींहून अधिक प्रकाश आंत येतो. बॉडीचें काय? निकॉनचेंच उदाहरण घ्या. जुन्या एएफ-डी भिंगांस आपोआप फोकस साधण्यासाठीं बॉडींत मोटर लागते. ती डी ५६०० मध्यें नाहीं, डी ७५०० मध्यें आहे. एएफ-एस भिंगांत ती स्वतःचीच असते. तेव्हां जुनीं भिंगें संग्रहीं असतील, तर बॉडी बदलावी. एरवीं एक चांगलें भिंग पुरे. आम्हीं भिंगच घेतलें.