दुखते कंबर, कमकुवत पोट!

कंबर दुखायला लागली की हात आपसूक मागे जातो. मराठीत ‘कंबर धरली’ म्हणा, नाहीतर कन्नडमध्ये ‘सोंट नोवु’. मलम चोळले जाते ते पाठीलाच. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी आधी पोट तपासते, तेव्हा बायका चकित होतात. ‘अक्का, दुखतंय मागं आणि तुम्ही पोट काय बघताय?’

कमरेत पाच मणके असतात. छातीच्या मणक्यांसारखा त्यांना बरगड्यांचा आधार नाही. मांडवाचा खांब जसा चहूबाजूंनी ताणलेल्या दोऱ्यांवर उभा राहतो, तसा हा कणा स्नायूंवर उभा असतो. पोटाचे समोरचे सरळ स्नायू, बाजूचे तिरके आणि सर्वांत आत पट्ट्यासारखा आडवा स्नायू. हे आवळले की वरचे श्वासपटल आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांच्यामध्ये दाब तयार होतो व कण्याला आतून टेकू मिळतो. निरोगी माणसाने हात उचलायच्या क्षणभर आधीच हा आडवा स्नायू आवळला जातो, कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो, असे ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांनी 1996 मध्ये दाखवून दिले.

बाळंतपणात पोटाचे स्नायू ताणून सैल पडतात. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट बांधतात. त्याने आधार वाटतो, पण स्नायूंना बळ येत नाही. तरीही काही दिवसांतच ती पाण्याची घागर उचलू लागते. दुखणे अंगवळणी पडते आणि घरातही कुणी विचारत नाही.

उपाय सोपा आहे. गुडघे आणि तळहात टेकून ओणवे व्हा. उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ करा. आठ-दहा सेकंद थांबा, श्वास रोखू नका. मग दुसरी बाजू. रोज पाच-सहा वेळा पुरे. जोडीला चालणे हवेच. बाळंतिणीने मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, ताप असला किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तर व्यायाम न करता तडक डॉक्टर गाठा.

सासूबाई असोत वा सूनबाई, पोट सपाट दिसण्यापेक्षा ते बळकट असणे महत्त्वाचे. घरातली कुणी कंबर धरून उठताना दिसली, तर आधी तिच्या हातातली घागर घ्या.