सुभाष गुप्ते : पगारी गोलंदाजाची गोष्ट

आमच्या बेलपाड्यात आणि पनवेल तालुक्यातल्या गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. चांगल्या गोलंदाजाला बाहेरगावचा संघ पैसे मोजून एक-दोन दिवसांपुरता घेऊन जातो. 'खेळायचे कसले पैसे घेता?' असे विचारणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांना मी सुभाष गुप्ते यांचे नाव सांगतो.

गुप्ते मुंबईचे, जन्म ११ डिसेंबर १९२९. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबने त्यांना नोकरीवर ठेवले होते. लीगमधले क्लब कापडगिरण्यांच्या लहान गावांचे. प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच. बाकीचे आठवडाभर कामधंदा करून सुट्टीच्या दिवशी खेळणारे. पगारी खेळाडूने अर्धशतक काढले किंवा भरपूर बळी घेतले की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली चिल्लर त्याची. हिशेब रोखठोक! मला त्यात कमीपणा दिसत नाही.

गुप्ते मनगटाने चेंडू वळवीत. लेगब्रेक उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, गुगली तशाच हालचालीतून आत येते. गुप्त्यांकडे गुगलीच दोन तऱ्हेच्या होत्या, मग फलंदाजाने ओळखायचे तरी काय? १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वॉरेल, वीक्स, वॉलकॉट यांच्यासमोर त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. वय अवघे तेवीस! १९५४ साली मुंबईत एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे नऊ गडी १०२ धावांत टिपले. उरलेला एक, लान्स गिब्ज, त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या वसंत रांजणे यांना मिळाला. एवढे करूनही भारत तो सामना २०३ धावांनी हरला.

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूरला त्यांनी पुन्हा पाच बळी घेतले. पुढची कसोटी दिल्लीची. हॉटेलात गुप्ते आणि कृपालसिंग एका खोलीत होते. कृपालसिंग यांनी स्वागतकक्षातील तरुणीला फोन करून मद्यपानाचे निमंत्रण दिले. तिने तक्रार केली. फोन गुप्त्यांनी केलेला नव्हता, पण खोली दोघांची, म्हणून मंडळाने दोघांनाही वगळले. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याला गुप्ते गेले नाहीत. नुकतीच बत्तिशी ओलांडलेली, म्हणजे फिरकी गोलंदाजाचे ऐन उमेदीचे वय. ३६ कसोटी आणि १४९ बळी. भारताकडून तोवर त्याहून जास्त बळी फक्त विनू मंकड यांचे होते.

रिश्टनशी निदान करार होता. काय द्यायचे, काय घ्यायचे ते कागदावर होते. देशासाठी खेळणाऱ्याला असा कागद नव्हता आणि दाद मागायला जागाही नव्हती. व्यावसायिकता हलकी म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

गुप्त्यांची पत्नी त्रिनिदादची. ते तिकडेच स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वारले. भारताकडून ते पुन्हा कधी खेळले नाहीत. कृपालसिंग मात्र १९६४ साली पुन्हा कसोटी संघात होते.